सुचिताची बॅटरी

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. कुणाच्या मित्राच्या मित्राचा अनुभव नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे, आणि तो कशानं पडला हे मी डॉक्टरांनाही खरं सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी देवदिवाळीच्या आदल्या दिवशीची अमावस्या. संध्याकाळची वेळ.

जागा नेरूळ. पाम बीच रोडच्या अलीकडे जी जुनी गावं आहेत त्यातलं एक. रोडच्या पलीकडे बांध, आणि बांधाच्या पलीकडे खाडी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सासरची माणसं अजून तिथंच राहतात.

माझं नाव स्नेहल. माहेर कोपरखैरण्याचं. आप्पा मार्केटला माथाडी होते, मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. खाडी, चिखल, भरती-ओहोटी, यातलं मला लग्नाआधी काहीच माहीत नव्हतं.

नेरूळ स्टेशनजवळ एका चष्म्याच्या दुकानात मी कामाला होते. कुंदन तिथंच पहिल्यांदा भेटला. लांबचं दिसत नाही म्हणाला. डोळे तपासले, नंबर काहीच नव्हता. तरी तो पुन्हा आला.

"अजून लांबचं दिसायला पायजे," म्हणाला.

मला वाटलं, माझ्यासाठीच येतोय.

लग्नाआधी त्यानं काही लपवलं नाही. पहिली बायको सुचिता. खाडीत बुडून गेली. मूलबाळ नव्हतं. मी मनात म्हटलं, जिवंत सवत असती तर विचार केला असता. मेलेल्या माणसाचा कसला त्रास?

घरात पाऊल टाकल्यावर कळलं.

हॉलमध्ये तिचा फोटो होता. नुकतीच कुणीतरी मागून नावानं हाक मारावी आणि हसत वळून बघावं, तसा. सकाळी उठलं की ती. रात्री दिवा मालवायला गेलं की ती. सासूबाईंना मी आई म्हणते, नाव गोजराबाई. स्वभावानं वाईट नाहीत. पण मी चिंबोऱ्यांचं कालवण केलं की एक घास खाऊन गप्प व्हायच्या. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. मग म्हणायच्या, "चांगलं हाय. पन सुचिताच्या हाताला वेगलीच चव होती."

सुचिताचं माहेर खाडीपलीकडचं मोरा बंदर. एकदा आई म्हणाल्या, "मोऱ्याची पोर होती ती. पान्यातलीच. चिखलात चालायची ना, बाय, पाय नाय रुतायचा तिचा."

मी हसून मान हलवायचे. आणि आत काहीतरी जळायचं.

कुंदन तुर्भ्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. त्याच्याकडे कॉर्डलेस ड्रिलचा एक जुना सेट होता. त्या सेटमध्येच एक बॅटरी होती, म्हणजे टॉर्च. ड्रिलला लागणारा चार्जिंगचा पॅकच तिला खालून बसायचा. जाड मुठीची, वाकड्या मानेची. उजेड अगदीच मिणमिणता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बघितलं... कामावरून आला की तो गॅलरीत बसतो आणि ती बॅटरी उघडतो.

आधी त्यानं आतला छोटा बल्ब काढून मोटारसायकलच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बसवला. उजेड पडला खरा. पण जरा वेळानं घरभर जळका वास सुटला. पुढची प्लास्टिकची वाटी मऊ होऊन एका बाजूला कलली होती.

मग भंगारवाल्याकडून जुन्या स्कूटरच्या हेडलाइटचा पत्र्याचा रिफ्लेक्टर आणला, काचेसकट. बॅटरीचं तोंड कापून त्यात पक्का बसवला. मग स्विच जळला. मग जाड वायर घातली, मोठा स्विच लावला. बोटं भाजली, तर फुंकर मारून पुन्हा काम सुरू.

माझ्या नव्या साडीकडे त्यानं एवढ्या बारकाईनं कधी बघितलं नव्हतं.

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं. "ऑनलाइन एलईडीच्या मिळतात की. एकदम पॉवरफुल."

"एलईडीत नाय दिसत."

"काय दिसत नाही?"

तो थांबला. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच.

"...चिंबोऱ्या," म्हणाला.

अमावस्या-पौर्णिमेला खाडीला मोठी ओहोटी लागते. संध्याकाळी पाणी पार आत जातं, चिखल उघडा पडतो आणि गावातले काही जण चिंबोऱ्या पकडायला उतरतात. कुंदनही जायचा. दिवस मावळला की बॅटरी घेऊन निघायचा, भरती चढायच्या आत परत यायचा.

मांड्यांपर्यंत चिखल. आणि टोपली रिकामी.

दर वेळी रिकामी.

"काय गावलं नाय," एवढंच म्हणायचा. पण तोंडावर वैताग नसायचा. अंघोळ करताना गुणगुणायचा. जेवताना आपल्याशीच हसायचा. मग म्हणायचा, "उजेड अजून कमी पडतोय."

बाईला भेटून आलेला पुरुष कसा दिसतो, हे बाईला कुणी सांगावं लागत नाही.

मी त्याचा मोबाइल बघितला. काही नव्हतं. शर्टांचे वास घेतले. चिखलाशिवाय कसलाच वास नव्हता.

एके दिवशी साफसफाई करताना मी ती बॅटरी उचलली. तो आतून धावत आला आणि माझ्या हातातून काढून घेतली. ओरडला नाही. पण हाताला हिसका बसला.

"हिला हात नको लावूस."

आई दारात उभ्या होत्या. तो गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "नको लावू, बाय. ती सुचिताची हाय."

तेव्हा आईंकडून मला सगळं कळलं. सुचिता गेली त्या दिवशी कुंदन ओव्हरटाइमला होता. सुचिता एकटीच खाडीत उतरली होती, हीच बॅटरी घेऊन. भरती चढली. गाव शोधायला निघालं, तेव्हा ती नव्हती. बॅटरी मात्र बांधाजवळ चिखलात पडलेली होती... चालू. ती स्वतः नंतर सापडली, तीसुद्धा पार मोऱ्याच्या धक्क्याजवळ. पाण्यानं तिला माहेरी नेऊन सोडलं होतं.

ऐकून अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही.

माझ्या डोक्यात एवढंच आलं, की इतके दिवस माझा नवरा माझ्यासमोर बसून तिची वस्तू मांडीवर घेत होता.

तरी खाडीवर कोण भेटतं, ते कळलंच नव्हतं. मी दिपेशला गाठलं. दिपेश म्हणजे कुंदनचा चुलत भाऊ, मागच्याच गल्लीत राहतो. आधी तो कुंदनबरोबर खाडीवर जायचा, मग अचानक जायचा बंद झाला होता.

"कोण आहे ती?" मी सरळ विचारलं.

"कोन नाय, वहिनी."

"दिपेश, मी आज बॅग भरून आप्पांकडे जाईन. मग सगळ्या गावाला सांगत बस, कोण नाय म्हणून."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मला गल्लीच्या कडेला घेऊन गेला.

"तो बांधावरून लाइट मारतो. सरळ तिवरांच्या झाडीच्या दिशेनं. आनि..."

"आणि काय?"

"जिथं उजेड संपतो ना... तिथं कोनतरी उभं असतं."

मी त्याला पुढे सांग अशी खूण केली.

"पाठमोरं. आमी खाली उतरलो, पुढं गेलो. तर ते पन तेवढंच पुढं. मग त्यानं बल्ब वाढवला. लाइट लांब गेला... तर ती पन तेवढीच लांब. जिथं उजेड संपतो, बरोबर तिथं. मी तर हात जोडले, वहिनी. परत गेलो नाय."

तो 'ती' म्हणाला होता. मी नाव विचारलं नाही.

त्या संध्याकाळी कुंदन जेवायला बसला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. आई शेजारी गेल्या होत्या. मी समोर बसले.

"तुला तिथं सुचिता दिसते?"

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. चिडला नाही. उलट त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"पाठ दिसते," म्हणाला. "माझा चौकड्यांचा शर्ट हाय तिच्या अंगात. त्या दिवशी मॅक्सीवरून तोच घालून गेली होती. मी हाक मारतो. वळत नाय."

"मग?"

"तिच्याकडे बारका लाइट होता, स्नेहल. तिला वाट दिसली नाय. मी घरी असतो तर..." तो थांबला. "मला फक्त एकदा तिचं तोंड बघायचंय. अजून थोडा उजेड झाला की दिसंल."

"आणि मी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"तू हायेस की इथं," म्हणाला.

घरात कपाट आहे, फ्रीज आहे, तसं.

मग आली ती अमावस्या.

दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. आई दुपारपासून सणाच्या तयारीत होत्या. कुंदननं या वेळी गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बसवला होता, सगळ्यात मोठा. दोन पॅक एकत्र बांधले होते. आदल्या दिवशी गॅलरीतून त्यानं एकदाच लावून बघितली. समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पिवळा झोत गेला. खाली खेळणारी पोरं हात वर करून ओरडली. तोही हसला, कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं.

"आता पुरंल," म्हणाला.

पण त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. कंपनीत पंप बंद पडला होता, निघायला उशीर होणार होता.

"भरती लागायच्या आत पोचतो," म्हणाला. "बॅटरीला हात लावू नको."

जेवून घे म्हणाला नाही. आईंना काय हवं-नको विचारलं नाही. फक्त बॅटरी.

मी फोन ठेवला. आईंना सांगितलं, दिपेशकडे जाऊन येते. आणि पिशवीत बॅटरी घालून निघाले.

मला ती खाडीत फेकायची होती. एवढंच ठरवलं होतं. पण फेकायच्या आधी मला सुचिताला एकदा बघायचं होतं.

आणि तिनं मला बघायला हवं होतं.

रोडखालच्या बोगद्यातून पलीकडे गेले. दिवस नुकताच मावळला होता. मागे टॉवरचे लाइट लागत होते, पाम बीचवर गाड्यांचा आवाज एकसारखा चालू होता. पुढे बांध. बांधावर कुणी नव्हतं. सण तोंडावर, म्हणून कुणी उतरलं नसावं.

ओहोटी पार लागली होती. जिथपर्यंत दिसत होतं तिथपर्यंत चिखल. त्यातून बारीक बारीक आवाज येत होते. बुडबुडे फुटल्यासारखे, कुणीतरी जीभ टाळूला लावून टक् टक् केल्यासारखे. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. तिवरांतून रातकिडे.

मी बॅटरी काढली. जड होती. बटण दाबलं.

पिवळाधमक झोत चिखलावरून सरळ गेला. प्लास्टिकची बाटली दिसली. एक बगळा उडाला. लांबवर तिवरांची मुळं दिसली. त्याच्याही पुढे कुठंतरी उजेड विरून गेला.

तिथं कोणी नव्हतं.

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. दोघं भाऊ वेडे आहेत, म्हटलं. फेकायला हात मागे नेला, तसा झोत आभाळात गेला... आणि पुन्हा खाली आला.

ती उभी होती.

उजेड संपतो, बरोबर तिथं. पाठमोरी. चौकड्यांचा शर्ट, खाली मॅक्सी, केसांचा ओला अंबाडा. काखेत टोपली.

भीती नंतर वाटली. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच...

ती माझ्यापेक्षा उंच होती.

"ए," मी ओरडले. "इकडं बघ."

ती हलली नाही.

पण बाकी सगळं थांबलं.

रातकिडे थांबले. टक् टक् थांबलं. निवट्या थांबल्या. मग लक्षात आलं, की मागच्या गाड्यांचा आवाजही येत नाही. मी वळून बघितलं. पाम बीचवर गाड्या धावत होत्या. दिवे पळत होते. आवाज नव्हता.

मी परत फिरायला हवं होतं. कुणीही फिरलं असतं.

मी चपला काढल्या आणि चिखलात उतरले.

माझ्या नवऱ्यासाठी ती मागे मागे सरकत होती ना? म्हटलं, बघू माझ्यासाठी किती सरकते. एक पाऊल टाकलं. चिखल घोट्यापर्यंत आला.

ती तिथंच.

दुसरं टाकलं. ती तिथंच.

मग एक गोष्ट दिसली. मघाशी तिच्या बाजूला तिवरं दिसत होती. आता दिसत नव्हती. ती जिथं उभी होती त्याच्यापुढे नुसता काळोख होता. बल्ब तर तसाच पेटत होता. रिफ्लेक्टर इतका तापला होता की जवळ हात नेववत नव्हता.

पण उजेड... आखूड होत होता.

मी थांबले. पाय काढायला गेले. निघाला नाही. गुडघ्यापर्यंत रुतला होता. आणि मांडीला काहीतरी गार लागलं.

पाणी.

भरती लागली होती. आवाज न करता.

तेवढ्यात तो आवाज आला.

चप्...

चिखलातून पाय उपसताना येतो तसा. माझे दोन्ही पाय रुतलेले होते. माझा नव्हता तो.

चप्...

ती चालत होती. माझ्याकडेच येत होती. पण वळली नव्हती. पाठमोरीच, एक एक पाऊल मागे टाकत. शर्टाच्या चौकड्या मोठ्या होत होत्या. पाय रुतत नव्हता तिचा. चिखलावर नुसता टेकत होता.

"स्नेहल!"

बांधावरून कुंदनचा आवाज. मला रडूच फुटलं. आला एकदाचा, म्हटलं. मागे वळून बघितलं, तो बांध उतरून धावत येत होता, कामाच्या कपड्यांवरच.

"बंद करू नको!" तो ओरडला. "लाइट बंद करू नको, तशीच धर!"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"कुंदन, पाणी भरतंय. माझा पाय अडकलाय."

"धर तशीच! हलवू नको!"

तो मला परत ये म्हणाला नाही. त्यानं मला बघितलंही नव्हतं. तो माझ्या डोक्यावरून पुढे बघत होता. लहान मूल जत्रेत पाळण्याकडे बघतं तसा.

चप्...

मी मान पुन्हा पुढे वळवली. ती हाताच्या अंतरावर होती. ओल्या केसांचा वास येत होता, खाडीचा. अंबाड्यातून पाणी गळत होतं.

मागे कुंदन चिखल तुडवत येत होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

आणि ती वळली.

तुम्हाला वाटत असेल, काहीतरी भयंकर दिसलं असणार. नाही. तोंड फुगलेलं नव्हतं. माशांनी खाल्लेलं नव्हतं. फोटोतलंच तोंड होतं. फक्त हसू नव्हतं.

ती कुंदनकडे बघत नव्हती. तो धापा टाकत येत होता, नावानं हाका मारत होता, तिनं त्याच्याकडे पापणीही उचलली नाही.

ती मला बघत होती.

आधी चिखलात रुतलेले पाय. मग साडी. मग गळ्यातलं मंगळसूत्र. तिथं जरा थांबली. मग तोंड. सावकाश, काही सुटू नये अशी. ती नजर मला लगेच ओळखू आली. रोज सकाळी तिच्या फोटोकडे मी तसंच बघायचे.

तिनं हात पुढे केला. बॅटरीसाठी.

"सरक," कुंदन अगदी माझ्या खांद्याशी आला होता. "सरक ना जरा, स्नेहल. मला बघू दे."

दोन पावलं. त्यानं माझ्या पुढे दोन पावलं टाकली असती तर तिचं तोंड त्याच्यासमोर आलं असतं. इतके महिने ज्यासाठी झुरला ते दिसलं असतं. आणि मग तो माझ्याकडे परत आला नसता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मी बटण बंद केलं.

काळोख.

त्याच क्षणी माझ्या हातावर एक हात पडला. गार. बर्फासारखा नव्हे, तळाच्या पाण्यासारखा. त्या हातानं माझा पंजा धरला आणि त्या तापलेल्या पत्र्यावर दाबला. चर्रर्र झालं. मला वरून ती गार बोटं जाणवत होती आणि खालून कातडी जळत होती. किती वेळ ते माहीत नाही.

मी किंचाळले आणि बॅटरी सोडली.

ती पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

चप्... चप्... चप्... लांब जात राहिलं.

मग एकदम सगळे आवाज परत आले. रातकिडे, गाड्या, हॉर्न. कानात कुणीतरी बोळे घातले होते ते काढावेत तसे.

कुंदन कमरेएवढ्या पाण्यात हात घालून चाचपत होता. "कुठं टाकलीस? कुठं टाकलीस?" मी त्याची कॉलर धरली. तो सोडवायला बघत होता. तेवढ्यात बांधावर मोबाइलचा पांढरा लाइट दिसला. दिपेश होता. आईंनीच पाठवला होता. मी त्याच्याकडे गेलेच नाही हे कळल्यावर त्या समजून चुकल्या होत्या. त्यानं आधी मला ओढून काढलं. मग त्याच्या भावाला. कुंदन शेवटपर्यंत मागेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दिपेशनं दोन-चार जण घेऊन सगळा चिखल पालथा घातला. माझ्या चपला बांधावर होत्या. बॅटरी नव्हती.

त्या रात्री घरी आल्यावर आईंनी माझ्या हाताला हळद लावली होती.  देवदिवाळीचा दिवा त्यांनी त्या वर्षी दोन्ही सुनांच्या नावानं लावला. मी बघितलं.

कुंदननं मला दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"तोंड दिसलं तुला?"

"नाही."

"इतक्या जवळ होतीस."

"अंधार होता."

त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही बसत नाही. जेवताना, टीव्ही बघताना, मध्येच विचारतो. कशी दिसत होती? रडत होती का? माझ्याबद्दल काय...? मी सांगते, काही दिसलं नाही. ते तोंड माझ्याकडेच आहे. ते मी त्याला देणार नाही.

आम्ही नेरूळ सोडलं. आप्पांनी ओळखीनं कोपरखैरण्यात भाड्यानं खोली बघून दिली. इथून खाडी दिसत नाही. फोटो आईंकडेच ठेवला. कुंदनला तुर्भे इथूनही सोयीचं. त्यानं पुन्हा कसली बॅटरी उघडली नाही. मला वाटलं, सुटलो.

मे महिन्यात एका संध्याकाळी बिल्डिंगचे लाइट गेले. मोबाइल चार्ज नव्हता, म्हणून मी मेणबत्ती लावली. कुंदन माझ्यासमोर पाटावर बसला होता, पॅसेजकडे पाठ करून. मी भात वाढत होते.

मेणबत्तीचा उजेड तो किती असणार? खोलीच्या दारापर्यंत. त्याच्यापुढे पॅसेज काळा.

जिथं उजेड संपत होता... तिथं ती उभी होती.

या वेळी पाठमोरी नव्हती.

आणि या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती. कुंदनच्या पाठीकडे बघत होती. त्यानं नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं.

"कुनी आलं का?" त्यानं विचारलं. त्याची मान हलायला लागली.

मी डाव टाकून दिला आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. घट्ट.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

"काय झालं?"

"काही नाही. माझ्याकडेच बघ."

तो हसला. त्याला वाटलं लाडात आले. लाइट येईपर्यंत मी त्याचं तोंड सोडलं नाही. फुंकर मारायची तर मान फिरवावी लागली असती, म्हणून मेणबत्तीही तशीच जळू दिली.

लाइट आल्यावर पॅसेजमध्ये काही नव्हतं. फरशी कोरडी होती.

तेव्हापासून आमच्या घरात रात्रभर सगळे दिवे चालू असतात. खोलीत, पॅसेजमध्ये, बाथरूममध्ये. शेजारची राजलक्ष्मी विचारते, झोप कशी लागते गं तुम्हाला? मी म्हणते, सवय आहे. घरात आता कुठंच अंधाराची कड राहिलेली नाही. मी रोज फिरून बघते.

पण एवढा उजेड खिडकीतून बाहेर पडतो. खालच्या कंपाउंडवर पडतो, रस्त्यावर पडतो, आणि पुढे कुठंतरी संपतो. कुठं, ते बघायला मी खिडकीत जात नाही.

कुंदन जातो.

जेवण झालं की हात पुसत तो खिडकीशी जाऊन उभा राहतो. परवा बराच वेळ उभा होता. मी त्याला नावानं हाक मारली.

तो लगेच वळला नाही.